पार्श्वभूमी : दुर्मीळ खनिजांवर चीनची पकड कशी बसली?

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सॅमेरियम, टर्बियम, डिस्प्रोसियम यांच्यासह सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. या मूलद्रव्यांपासून बनणाऱ्या चुंबकांचा साठा संपत आल्याने महिना-दोन महिन्यांतच परदेशांतल्या काही मोटार कारखान्यांना काम थांबवावं लागलं. ही पकड बसायला तीन दशकं लागली, आणि ती निव्वळ खाणींच्या जोरावर बसलेली नाही.

खाणी इतरांकडेही होत्या. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ही मूलद्रव्यं मुख्यतः भारत आणि ब्राझीलच्या किनाऱ्यांवरच्या मोनाझाइट वाळूतून मिळत. १९४९मध्ये कॅलिफोर्नियात माउंटन पासचा साठा सापडला. रंगीत टीव्हीतल्या लाल रंगासाठी युरोपियम लागू लागलं, तशी ही खाण जगात पहिल्या क्रमांकावर गेली.

खरी अडचण वेगळीच. ही सतरा मूलद्रव्यं रासायनिकदृष्ट्या इतकी सारखी आहेत की ती एकमेकांपासून सुटी करायला द्रावकांच्या शेकडो टप्प्यांतून जावं लागतं. आम्लाचं सांडपाणी निघतं, किरणोत्सारी थोरियम उरतं. १९७०च्या दशकात शू ग्वांगश्येन या चिनी रसायनशास्त्रज्ञाने हे टप्पे गणिताने आखायची पद्धत बसवली. चीनच्या इनर मंगोलियातल्या बायान ओबोत तर हे खनिज लोखंडाच्या खाणीतूनच निघत होतं. स्वस्त चिनी माल आल्यावर भाव कोसळले. माउंटन पासमध्ये सांडपाण्याच्या गळतीनंतर १९९८मध्ये विलगीकरण (मूलद्रव्यं सुटी करण्याचं काम) थांबलं, २००२मध्ये खाणकामही.

माझ्या मते याहून मोठी चूक मॅग्नेक्वेंच या चुंबक कंपनीच्या विक्रीची. निओडिमियम चुंबकाचा शोध १९८०च्या दशकात जपानच्या सुमितोमो कंपनीत आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्समध्ये जवळपास एकाच वेळी लागला. जनरल मोटर्सने त्यासाठी काढलेली ही कंपनी १९९५मध्ये चिनी भागीदार असलेल्या गटाला विकली. अमेरिकी सरकारने परवानगीही दिली. पुढे उत्पादन चीनला गेलं, आणि त्याबरोबर हाताला सवय असलेली माणसंही विखुरली.

२०१०मध्ये जपान आणि चीन दोघेही हक्क सांगतात त्या सेन्काकू बेटांजवळ चिनी मासेमारी बोट आणि जपानी गस्ती बोटींच्या टकरीनंतर चीनकडून जपानकडे जाणारा माल अडला. जपानने धडा घेतला आणि ऑस्ट्रेलियाच्या लायनस या खाण कंपनीला पैसा पुरवला. अमेरिका, युरोपीय संघ आणि जपान चीनच्या निर्यातकोट्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले, २०१४मध्ये जिंकलेही. पण निर्यातकोटा उठला, भाव पडले, आणि माउंटन पास पुन्हा सुरू करणारी मॉलीकॉर्प २०१५मध्ये दिवाळखोरीत गेली. नव्या मालकांनी खाण चालू केली खरी, पण तिथलं खनिज कित्येक वर्षं विलगीकरणासाठी चीनलाच जात होतं!

अमेरिकेच्या एका एफ-३५ लढाऊ विमानात सुमारे ४१८ किलो दुर्मीळ मूलद्रव्यं लागतात. म्हणूनच जुलै २०२५मध्ये अमेरिकी संरक्षण खातं माउंटन पासच्या कंपनीत स्वतःच भागधारक झालं आणि चुंबकांत लागणाऱ्या निओडिमियम-प्रेसिओडिमियमला किलोमागे ११० डॉलरचा किमान भाव बांधून दिला. डिस्प्रोसियम, टर्बियमसारख्या जड मूलद्रव्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यांचं बरंचसं खनिज म्यानमारच्या काचिन प्रांतातून निघतं आणि तेही सीमा ओलांडून चीनमध्येच शुद्ध होतं.