परदेशी वैद्यक पदवीधर परीक्षा

भारताबाहेर वैद्यकाची मूळ पदवी घेतलेल्या भारतीय नागरिकांना देशात व्यवसायासाठी नोंदणी मिळण्यापूर्वी उत्तीर्ण व्हावी लागणारी परीक्षा. बोलण्यात ‘एफएमजीई’. नियमांत तिला छाननी चाचणी म्हटले आहे. ‘परवाना परीक्षा’ हा शब्द तसा सैलच, कारण परीक्षा राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेते आणि नोंदणी वैद्यक परिषद करते.

तिच्या आरंभाचे वर्ष कुठे 2001, तर कुठे 2002 असे मिळते. भारतीय वैद्यक परिषद अधिनियम, 1956 यात कलम 13(4अ) घातले गेले ते 2001 च्या दुरुस्तीने. मात्र सक्ती कोणत्या दिवसापासून, हे ठरवणे केंद्र सरकारवर सोडले होते. पुढे 15 मार्च 2002 रोजी व त्यानंतर नोंदणी मागणाऱ्यांना ती लागू झाली. त्यामुळे 2002 हे वर्ष धरणे अधिक योग्य. सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर तेथील पदव्यांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता; त्याचा निकालही मार्च 2002 मधलाच. तोवर परदेशी पदवी अधिनियमाच्या परिशिष्टातील यादीत आहे की नाही, हे मुख्यतः पाहिले जाई. छाननी पदवीची होती, ती आता पदवीधराची झाली.

यादीची पद्धतही तशी अलीकडचीच. पुण्यात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी 1886 मध्ये फिलाडेल्फियाची पदवी घेऊन परतल्या आणि कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली, तेव्हा मुंबई इलाख्यात नोंदणीचा कायदाच नव्हता. तो 1912 मध्ये आला.

परीक्षा वर्षातून दोनदा, जून व डिसेंबर अशा दोन सत्रांत होते. 150 प्रश्नांचे दोन भाग एकाच दिवशी, प्रत्येकी अडीच तासांत सोडवायचे. 300 पैकी 150 गुण मिळाले की उत्तीर्ण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरीही बहुतेक सत्रांत नापास होणारेच अधिक असतात. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील पदवी आणि पदव्युत्तर पात्रता दोन्ही असणाऱ्यांना सूट आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियम, 2019 ने देशी व परदेशी पदवीधरांसाठी ‘नेक्स्ट’ ही सामाईक परीक्षा योजली असून ती अमलात येईपर्यंत जुनीच चालू ठेवली आहे.

आयोगाच्या 18 नोव्हेंबर 2021 च्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि त्याच संस्थेतील 12 महिन्यांच्या आंतरवासितेसह (इंटर्नशिपसह) हवा. भारतात आणखी 12 महिने आंतरवासिता करावी लागते ती वेगळी.

पुण्याच्या उमेदवाराची नोंदणी मुंबईच्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे होते. आंतरवासितेसाठी शहरात पहिले नाव निघते ते बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयाचे, म्हणजे ससूनचे. पण आयोगाच्या 2022 च्या परिपत्रकाने अशा उमेदवारांना महाविद्यालयाच्या मंजूर जागांच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच वाव दिला. या हिशेबाने 250 जागांच्या महाविद्यालयात जेमतेम 18 जण सामावतात.