केन्सिंग्टन मार्केटमध्ये भिंतीवर म्युरल काढायचंय? टोरांटोत परवानगी कोण मागू शकतं, कागद काय लागतात

टोरांटोत भिंतीवरच्या चित्राचा जो नियम आहे तो चित्रकारापेक्षा भिंतीच्या मालकाच्या मागे जास्त लागतो, एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा म्हणजे अर्धा गोंधळ तिथंच संपेल. इथं राहणारे बरेच मराठी लोक केन्सिंग्टनमध्ये पाहुण्यांना फिरवायला नेतात, फोटो काढतात, आणि मग कोणीतरी विचारतंच की ही चित्रं काढायला परवानगी लागते का, आपल्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर असं काही करता येईल का. येतं. पण कागद आधी आणि रंग नंतर, उलटं केलंत की डोकेदुखी.

आधी जागा नीट कळू द्या. केन्सिंग्टन मार्केट म्हणजे साधारण कॉलेज स्ट्रीट, स्पडायना, डंडास आणि बॅथर्स्ट या चार रस्त्यांच्या मधला भाग. ऑगस्टा, बाल्डविन, नासॉ आणि केन्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यू हे आतले मुख्य रस्ते. १९२० आणि ३० च्या काळात इथं ज्यू बाजार होता, मग पोर्तुगीज आले, कॅरिबियन आले, चिनी आले, लॅटिन अमेरिकन आले, प्रत्येकानं आपलं दुकान थाटलं आणि घरांच्या पुढच्या ओसरीलाच दुकान करून टाकलं, म्हणून इमारती अशा पुढे आलेल्या आणि वेड्यावाकड्या दिसतात. २००६ मध्ये या भागाला कॅनडाचं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान मिळाला. इथं लोक घाबरतात की आता खिळा ठोकायलाही दिल्लीची, म्हणजे ओटावाची, परवानगी लागणार. तसं नाही, तो दर्जा मानाचा आहे, त्यानं खाजगी मालकावर काही बंधन येत नाही. बंधन येतं ते प्रांताच्या ऑन्टारियो हेरिटेज अ‍ॅक्टमुळं, ते पुढे सांगतो.

चित्रं फक्त मुख्य रस्त्यावर शोधू नका. खरी मजा मागच्या गल्ल्यांमध्ये, गॅरेजच्या शटरवर आहे. या गल्ल्या बहुतेक सार्वजनिक आहेत, चालायला कोणी अडवत नाही, पण गॅरेज खाजगी आहेत हे विसरू नका, कोणाचं शटर अर्धं उघडं असेल तर आत कॅमेरा घालू नका. कॉलेज स्ट्रीटच्या पलीकडं, उत्तरेला जरा चालत गेलात तर क्रॉफ्ट स्ट्रीट लागतो, बोळच आहे खरं तर, आणि त्याच्या दक्षिण टोकाला जॉन क्रॉफ्टच्या आठवणीचं म्युरल आहे. १९०४ च्या मोठ्या आगीनंतर जळक्या इमारती सुरुंगानं पाडताना त्याचा जीव गेला होता. क्वीन स्ट्रीटच्या मागची रश लेन, जिला सगळे ग्राफिटी अ‍ॅली म्हणतात, ती केन्सिंग्टनमध्ये नाही हं, दक्षिणेला स्पडायना ते पोर्टलंडच्या मधे आहे. बरेच लोक दोन्हीची गल्लत करतात आणि मग मार्केटमध्ये गोल गोल फिरत बसतात.

आता नियम. सिटी ऑफ टोरांटोच्या म्युनिसिपल कोडचा ४८५ वा चॅप्टर ग्राफिटीचा आहे. २०११ मध्ये, रॉब फोर्ड महापौर असताना, शहरात ग्राफिटी पुसण्याची मोठी मोहीम निघाली, त्याच वर्षी ग्राफिटी मॅनेजमेंट प्लॅन झाला, आणि गंमत म्हणजे त्याच प्लॅनच्या पोटातून २०१२ मध्ये स्ट्रीटआर्टटोरांटो हा भिंती रंगवण्याला पैसे देणारा कार्यक्रम निघाला. एका हातानं पुसायचं, दुसऱ्या हातानं काढायचं. मला यात विरोधाभास वाटत नाही, सिटीला काय हवंय ते यातून स्वच्छ कळतं: कोणाची परवानगी आहे ते त्यांना कागदावर हवंय.

कोडमध्ये तीन खाने आहेत आणि तुमची भिंत कुठल्या खान्यात बसते त्यावर सगळं ठरतं. आर्ट म्युरल म्हणजे मालकानं करवून घेतलेलं किंवा मान्य केलेलं चित्र, ज्याचा मुख्य उद्देश ती भिंत आणि आजूबाजूचा परिसर सुंदर करणं हा आहे. ग्राफिटी आर्ट म्हणजे स्प्रेची अक्षरं-चित्रं वगैरे, ज्याला मालकाची किंवा तिथं राहणाऱ्याची संमती आहे आणि जे त्या वस्तीच्या एकूण चेहऱ्याला शोभतं. आणि तिसरा खाना ग्राफिटी व्हँडलिझम: संमतीशिवाय काढलेलं, नुसती सही ठोकलेली म्हणजे टॅग, द्वेष किंवा हिंसा भडकवणारं, किंवा शिवीगाळ असलेलं. हा तिसरा प्रकार भिंतीवर ठेवायचा नाही ही जबाबदारी मालकाची. रात्री कोणी येऊन टॅग मारून गेला, त्यात तुमचा काय दोष, पण पुसायचं तुम्हीच. अन्यायच आहे थोडा, पण नियम तसा आहे.

होतं काय ते बघा. कोणीतरी ३११ ला, म्हणजे सिटीच्या तक्रारींच्या नंबरला, फोन करून तक्रार करतं, बायलॉ ऑफिसर, म्हणजे सिटीचे नियम पाळले जातायत का ते बघणारा माणूस, येऊन भिंत बघतो, आणि त्याला ते व्हँडलिझम वाटलं तर मालकाच्या नावानं नोटीस निघते. नोटीसवर मुदत लिहिलेली असते, ती तारीख सगळ्यात आधी वाचा. मुदतीत पुसलं नाही तर सिटी स्वतः पुसून घेते आणि खर्च प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात लावते. पण नोटीस आली म्हणजे पुसलंच पाहिजे असंही नाही. ते चित्र तुमच्या संमतीनं काढलेलं असेल तर ते नियमित करून घेण्यासाठी अर्ज करता येतो, तो ग्राफिटी पॅनेल नावाच्या समितीपुढं जातो, तिथं सिटीच्या निरनिराळ्या खात्यांतले लोक बसतात. पॅनेलनं मान्य केलं की ती भिंत नोंदीत येते आणि पुढच्या वेळी कोणी तक्रार केली तरी तुमच्याकडे दाखवायला कागद असतो. मुदत मात्र अंगावर येऊ देऊ नका, त्याच्या आत अर्ज टाका आणि नोटीसवर ज्या ऑफिसरचं नाव आहे त्याला ईमेलनं कळवून ठेवा की अर्ज केलाय. नुसतं फोनवर बोलून सोडू नका, लेखी हवं.

अजून चित्र काढायचंच आहे, तर ग्राफिटीच्या नियमातून आधीच सूट मागण्याचा रस्ता आहे आणि माझं मत विचाराल तर तोच घ्या. आधी काढू, मग बघू, हा आपला आवडता मार्ग इथं महागात पडतो कारण चित्रकाराचे पैसे गेलेले असतात आणि भिंत अधांतरी लटकते.

अर्ज कोण करणार? मालक. दुकान भाड्यानं घेतलं असेल, आणि केन्सिंग्टनमध्ये बहुतेकांचं तसंच आहे, तर घरमालकाचं संमतीपत्र आधी हातात घ्या. त्यात पत्ता, कुठली भिंत (पूर्वेकडची, गल्लीकडची, जे असेल ते), चित्राचा मसुदा जोडलेला, आणि चित्र किती वर्षं ठेवायचं हे लिहून घ्या. तोंडी हो म्हणालेला मालक इमारत विकून टाकतो आणि नवीन मालक पांढरा रंग घेऊन येतो. कॉन्डो असेल तर बाहेरची भिंत तुमची नाहीच, ती सगळ्यांच्या सामाईक भागात येते, म्हणजे कॉन्डो बोर्डाकडं जावं लागणार. चित्रकारानं एकट्यानं जाऊन दुसऱ्याच्या भिंतीसाठी अर्ज करायचा, असं जमत नाही. आणि भिंत दोन घरांच्या मधली असेल तर शेजाऱ्याचाही कागद घ्या, इथली घरं एकमेकांना चिकटून आहेत, कोणाची भिंत कुठं संपते यावरून भांडणं होऊ शकतात.

कागदांत फोटो सगळ्यात महत्त्वाचे. अख्खी भिंत एका फोटोत, मग जवळून, मग रस्त्यावरून किंवा गल्लीतून ती कशी दिसते ते, शेजारच्या इमारतींसकट. नवीन चित्र असेल तर रंगीत मसुदा आणि भिंतीचं माप. सोबत चार ओळी लिहा की चित्रात काय आहे आणि या वस्तीशी त्याचा काय संबंध, कारण पॅनेल परिसराचा विचार करतं. चार ओळी म्हणजे चारच, लोक तिथं प्रबंध लिहितात. फॉर्म सिटीच्या वेबसाइटवरून ताजा घ्या, कोणीतरी फॉरवर्ड केलेली जुनी पीडीएफ वापरू नका.

आता एक भानगड जी दुकानदारांना हमखास नडते. समजा तुम्ही चहा-वडापावचं दुकान काढलंत आणि बाजूच्या भिंतीवर मस्त वारली नाच काढून घेतला, तारपा वाजवणारा मधे आणि भोवती फेर. छान, ते म्युरल. पण त्याच्या खाली दुकानाचं नाव, बाण, आणि गरमागरम वडापाव इथं मिळेल असं लिहिलंत की सिटीच्या नजरेत ती जाहिरात होते. मग ४८५ नाही, चॅप्टर ६९४, साइन बायलॉ लागतो, त्याचं परमिट वेगळं, त्याचे नियम वेगळे. दुसऱ्या कुणाच्या मालाची जाहिरात असेल, म्हणजे एखाद्या कोल्ड्रिंक कंपनीनं भिंत रंगवून देतो म्हणून सांगितलं, तर ते आणखी कडक, त्यावर साइन टॅक्सही आहे. फुकटात भिंत रंगवून मिळतेय म्हणून हुरळून जाऊ नका. नावाचा बोर्ड दारावर लावा आणि भिंतीवर नुसतं चित्र ठेवा, दोन्ही कामं सुटसुटीत होतात.

हेरिटेजचं राहिलं होतं. ऑन्टारियो हेरिटेज अ‍ॅक्टच्या चौथ्या भागाखाली एकेक इमारत संरक्षित होते आणि पाचव्या भागाखाली अख्खा परिसर. तुमचा पत्ता यातल्या कशाखाली संरक्षित असेल तर बाहेरून बदल करण्याआधी हेरिटेज परमिट लागतं. पत्ता सिटीच्या हेरिटेज रजिस्टरवर ऑनलाइन शोधता येतो, पाच मिनिटांचं काम आहे, चित्रकाराला अ‍ॅडव्हान्स देण्याआधी करा. यात उघड्या विटांची भिंत असेल तर जास्तच सांभाळा, जुनी वीट एकदा रंगवली की रंग काढताना वीटच खरवडली जाते, आणि रंगानं ओल आत अडकते ती वेगळीच. आधीपासून रंग दिलेली किंवा प्लास्टरची भिंत केव्हाही बरी.

परांची किंवा लिफ्ट फुटपाथवर किंवा गल्लीत उभी करणार असाल तर सिटीच्या ट्रान्सपोर्टेशन सर्व्हिसेसकडून रस्ता तात्पुरता वापरण्याचं परमिट घ्यावं लागतं. भिंत तुमची असली तरी खालचा रस्ता सिटीचा आहे. ३ मीटरच्या वर काम असेल तर पडण्यापासून बचावाची सोय लागते, आणि ऑन्टारियोत भिंत रंगवणं हेसुद्धा बांधकामातच धरतात, त्यामुळं पट्टा-दोर वापरून काम करणाऱ्या कामगाराकडं वर्किंग अ‍ॅट हाइट्सचं प्रशिक्षण असायला हवं. ते सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, चित्रकाराला विचारून तारीख बघून घ्या. लायबिलिटी इन्शुरन्सचा कागदही त्याच वेळी मागा, तुमच्या दुकानाच्या इन्शुरन्सवाल्यालाही एक फोन करा. मार्केटमध्ये उन्हाळ्यात पेडेस्ट्रियन संडे असतो, रस्ते गाड्यांना बंद आणि माणसांनी गच्च, त्या दिवशी परांची नकोच.

सीझनचं गणित पण आहे. बाहेरचे बरेच रंग साधारण १० अंशांच्या खाली नीट बसत नाहीत, म्हणजे मे ते सप्टेंबर-ऑक्टोबर एवढीच खिडकी. अर्ज थंडीतच करून ठेवा. मेमध्ये जागे झालात तर परवानग्या येईपर्यंत उन्हाळा निघून जातो. शेवटचा हात अँटी-ग्राफिटी कोटिंगचा द्यायला सांगा, मग वरून कोणी टॅग मारला तर पुसता येतो, खालचं चित्र जात नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. स्ट्रीटआर्टटोरांटोच्या पार्टनरशिप अनुदानासाठी नोंदणीकृत ना-नफा संस्था लागते, एकट्या दुकानदाराला ते थेट मिळत नाही. मंडळ नोंदणीकृत असेल तर मंडळातर्फे विचार करा, गणपतीच्या वर्गणीपलीकडं काहीतरी होईल. एकट्या चित्रकारासाठी २०१३ पासून चाललेला आउटसाइड द बॉक्स हा उपक्रम बघण्यासारखा आहे, ट्रॅफिक सिग्नलचे ते राखाडी बॉक्स रंगवण्याचा, त्याचे अर्ज निघतात तेव्हा सिटीच्या साइटवर येतात. नवीन चित्रकारांनी तिथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं, लहान काम, परांची नको, आणि नाव लागतं.

चित्रकाराशी करार करताना एक कलम कोणीच वाचत नाही. भिंत तुमची, पैसे तुमचे, तरी कॉपीराइट चित्रकाराचाच राहतो, लिहून दिला नसेल तर. कॅनडात तो आता चित्रकार गेल्यावर ७० वर्षांपर्यंत चालतो. शिवाय त्याचे नैतिक हक्क असतात, ते दुसऱ्याला विकता येत नाहीत, फार तर लेखी सोडता येतात. याच शहरातला किस्सा आहे, ईटन सेंटर मॉलमध्ये कलाकार मायकल स्नो यांनी केलेले उडत्या हंसांचे पुतळे टांगलेले आहेत, मॉलनं ख्रिसमसला त्यांच्या गळ्यात लाल रिबिनी बांधल्या, स्नो कोर्टात गेले आणि १९८२ मध्ये कोर्टानं रिबिनी काढायला लावल्या. मॉलनं पैसे मोजून घेतलेले हंस होते ते. तेव्हा दिवाळीला म्युरलवर आकाशकंदील रंगवून घ्यायची हौस असेल तर आधी चित्रकाराला विचारा. करारात लिहा: किती वर्षं ठेवायचं, टॅग मारला तर दुरुस्ती कोण करणार, भिंत पाडायची किंवा रंगवायची वेळ आली तर किती दिवस आधी कळवायचं, फोटो कोण कुठं वापरणार.

आणि हे फोटोचं नुसत्या फिरायला येणाऱ्यांनाही लागू आहे. कॅनडाच्या कायद्यात सार्वजनिक जागी कायम असलेल्या इमारती आणि शिल्पांचे फोटो काढायला सूट आहे, पण भिंतीवरची चित्रं त्या सूटीत नाहीत. घरच्या ग्रुपवर टाकायला कोणी काही म्हणत नाही. तोच फोटो मेन्यूकार्डावर, टी-शर्टवर किंवा कंपनीच्या जाहिरातीत छापायचा असेल तर चित्रकाराची परवानगी घ्या, सही बहुतेक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात असते आणि सहीशेजारी इन्स्टाचं नावही बऱ्याचदा सापडतं.