'करीम': दातृत्वाचा शब्द माणसाकडून अल्लाहकडे कसा गेला

अरबीतला 'करीम' हा शब्द इस्लामच्या आधीपासूनचा आहे, आणि तेव्हा तो माणसाचा होता. कुळाने खानदानी आणि हाताने सढळ, असे त्याचे दोन्ही अर्थ एकातच होते. वाट चुकलेल्या प्रवाशाला दिसावी म्हणून रात्री उंचवट्यावर आगटी पेटवायची आणि पाहुणा आला की उंट कापायचा, ही करीम माणसाची खूण. तय्य टोळीचा हातिम हा सहाव्या शतकातला कवी यासाठीच लक्षात राहिला. त्याचा मुलगा अदी पुढे पैगंबरांचा सहाबी, म्हणजे साथी, झाला.

या उदारपणाला स्पर्धेची खोड होती. 'मुआकरा' नावाच्या प्रकारात दोघे जण समोरासमोर उभे राहून एकामागून एक आपापले उंट कापत, आणि ज्याचा धीर आधी सुटेल तो हरला. 'मैसिर' हा बाणांचा जुगारही त्यातलाच. त्यात एकूण दहा बाण असत. सातांवर अनुक्रमे १ ते ७ वाटे, तीन कोरे. हरणाऱ्याने उंटाची किंमत भरायची, जिंकणाऱ्याने मांस गरिबांत वाटून नाव कमवायचे. पोट गरिबांचे भरे हे खरे. मैसिरमध्ये लोकांचा काही फायदा आहे हे कुरआन मान्य करते (२:२१९, म्हणजे अध्याय २, ओळ २१९; पुढचे आकडेही असेच), पण पाप त्याहून मोठे असे लगेच म्हणते आणि पुढे त्यावर सरळ बंदी घालते (५:९०). मुआकऱ्यात कापलेल्या उंटाचे मांस खाण्याची मनाई हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, संग्रहांत आहे. दान वाईट नव्हते, दात्याचा तोरा वाईट होता. "मी ढीगभर संपत्ती उधळली" अशी फुशारकी मारणाऱ्याला कुरआन विचारते, तुला कोणी पाहिलेच नाही असे वाटते का? (९०:६-७)

या पार्श्वभूमीवर पैगंबरांना झालेल्या कुरआनाच्या पहिल्या प्रकटीकरणाकडे पाहावे. परंपरेनुसार साल इ.स. ६१०. "वाच, तुझा पालनकर्ता अक्रम आहे" (९६:३). 'अक्रम' हे करीमचे टोकाचे रूप, ज्याच्यापुढे कोणी नाही असा. आणि त्या औदार्याचा दाखला म्हणून पुढच्याच ओळीत उंट नाही, भाकरी नाही, तर लेखणीने दिलेले ज्ञान येते. माणसांपुरता शब्दाचा निकषही बदलला. तुमच्यातला सर्वात 'अक्रम' तो, जो सर्वात जास्त तकवा, म्हणजे अल्लाहचे भय, बाळगतो (४९:१३). कुळ आणि उंट दोन्ही बाजूला पडले.

अल्लाहच्या बाबतीत 'करीम'ला एक जोड मिळाली, ती 'गनी', म्हणजे निरपेक्ष. पैगंबर सुलैमानांच्या तोंडी "माझा पालनकर्ता गनी, करीम आहे" असे शब्द आहेत (२७:४०). ही जोडी महत्त्वाची आहे. माणूस देतो तेव्हा त्याच्याकडचे घटते आणि मोबदल्यात निदान कौतुक तरी हवे असते. इथे दोन्ही नाही. सहाबी अबू जर यांनी सांगितलेल्या, 'सहीह मुस्लिम' या संग्रहातल्या हदीसे कुदसीत (पैगंबरांनी अल्लाहचे म्हणून सांगितलेल्या वचनात) याचे माप दिले आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे मानव आणि जिन्न एका मैदानात उभे राहून मागू लागले, आणि प्रत्येकाला मागितले ते दिले, तरी कमी होईल ते समुद्रात बुडवून काढलेल्या सुईने समुद्र कमी व्हावा तेवढेच.

अल्लाहची देण्याशी निगडित नावे अनेक आहेत आणि ती एकमेकांच्या जागी वापरण्यासारखी नाहीत. 'वह्हाब' म्हणजे मोबदला आणि हेतू दोन्हींशिवाय देणारा. हे नाव कुरआनात तीनदाच येते (३:८, ३८:९, ३८:३५). 'रज्जाक' म्हणजे जीव जगवण्यासाठी लागेल ते सतत पुरवणारा (५१:५८). 'बासित' हात सैल सोडतो, 'काबिज' आवळतो, आणि ही दोन नावे जोडीनेच घ्यावीत असा संकेत आहे. धर्मपंडित गझाली (१०५८–११११) यांनी 'करीम'चे वर्णन पायरीपायरीने केले: हाती सत्ता असता माफ करतो, वचन दिले तर पाळतो, देतो ते आशेपेक्षा जास्त, आणि किती दिले, कोणाला दिले याची पर्वा करत नाही. माणूस खरा वह्हाब होऊ शकत नाही असेही ते सांगतात, कारण त्याला स्वर्ग तरी हवाच असतो.

अल्लाहच्या ९९ नावांची प्रचलित यादी तिर्मिजी (मृत्यू ८९२) यांच्या हदीस संग्रहातून येते, आणि खुद्द तिर्मिजींनीच त्या हदीसला 'गरीब', म्हणजे एकाकी सनदीची (सांगणाऱ्यांच्या एकाच साखळीतून आलेली), म्हटले आहे. त्या यादीत 'अक्रम' नाही, 'जव्वाद' (अतिउदार) हेही नाही. म्हणजे यादी हीच सीमा मानली तर पहिल्या प्रकटीकरणातले नावच बाहेर राहते. उलट 'सखी', म्हणजे दानशूर, हा रोजच्या बोलण्यातला शब्द अल्लाहसाठी वापरू नये असे उलमा, म्हणजे धर्मपंडित, सांगतात. अर्थ चांगला आहे, पण नाव ग्रंथातून आलेले हवे, आपण सुचवलेले नको.

खरा वाद पुढे कलामच्या, म्हणजे श्रद्धेची तर्काने चर्चा करणाऱ्या शास्त्राच्या, विद्वानांत पेटला. अल्लाह न्यायी आहे, तेव्हा माणसांसाठी जे सर्वोत्तम ते करणे त्याच्यावर बंधनकारक आहे, असे मुअतजिला हा बुद्धिवादी गट म्हणे. त्यांतले बगदादचे लोक हे दीन (धर्म) आणि दुनिया दोन्हींना लावत, बसऱ्याचे फक्त दीनला. अशअरी (मृत्यू ९३५ च्या सुमारास) आधी याच गटातले. त्यांनी आपले गुरू जुब्बाई यांना तीन भावांचा प्रश्न घातला असे सांगतात. एक सज्जन म्हणून मेला, एक पापी म्हणून, एक बालपणीच. बालक विचारेल, मला जगू दिले असते तर मीही मोठी पदवी मिळवली असती. उत्तर मिळेल, तू मोठेपणी पापी होणार होतास, म्हणून लवकर नेले. मग पापी ओरडेल, मलाही तेव्हाच का नेले नाहीस? भेट खरोखर अशी झाली असो वा नसो, मुद्दा नेमका आहे. देणे कर्तव्य ठरले की ते औदार्य उरत नाही. कर्ज फेडणाऱ्याला कोणी दानशूर म्हणत नाही. अशअरींच्या मते सगळे 'फज्ल', म्हणजे निव्वळ कृपा. "त्याने दया स्वतःवर लिहून घेतली" (६:१२) हे त्याने आपणहून दिलेले वचन, कोणी लादलेले बंधन नव्हे.

त्याच भांडणातला दुसरा प्रश्न: चोराने चोरून खाल्लेला घास त्याचे 'रिज्क', म्हणजे अल्लाहने पुरवलेली उपजीविका, आहे का? मुअतजिला म्हणत, नाही. हराम गोष्ट अल्लाह देणार नाही. अशअरींचा उलट सवाल असा की मग जन्मभर हराम खाऊन जगलेल्याला कोणी पोसले? प्रत्येक जिवाचे रिज्क अल्लाहवर आहे असे तर वचन आहे (११:६). म्हणून रिज्क ते ज्याने जीव जगतो. ते कसे मिळवले याचा हिशेब वेगळा.

तत्त्वज्ञांनी व्याख्या आणखी आवळली. इब्न सीना (मृत्यू १०३७) म्हणतात, औदार्य म्हणजे जे योग्य ते, मोबदल्याशिवाय देणे. ज्याच्या हाती सुरी असू नये त्याला सुरी देणारा उदार नव्हे, आणि स्तुतीसाठी देणारा तर व्यापारी. 'योग्य ते' हा शब्द कुरआनातल्या मापाशी जुळतो. भांडारे प्रत्येक गोष्टीची आहेत, पण उतरते ते ठरल्या प्रमाणात (१५:२१). इथेच सर्वसामान्य श्रद्धाळूची चूक होते. भरभरून मिळाले की "मला मान दिला" आणि आखडले की "माझा अपमान केला" असे माणूस म्हणतो. कुरआन दोन्हींवर एकच शब्द टाकते, 'कल्ला', मुळीच नाही, आणि विषय सरळ अनाथाकडे नेते (८९:१५-१७).

औदार्य अल्लाहचे ठरले की माणसाच्या दानाचे स्वरूप बदलते. धन अल्लाहचे (२४:३३), माणूस केवळ विश्वस्त (५७:७), आणि मागणाऱ्याचा त्यात हक्क (५१:१९). जकातीच्या, म्हणजे इस्लाममधल्या सक्तीच्या दानाच्या, दरांत हे फार सुंदर दिसते. जमिनीत सापडलेल्या जुन्या गुप्तधनावर एक पंचमांश. पावसाच्या किंवा झऱ्याच्या पाण्यावर आलेल्या पिकावर एक दशांश. पाणी ओढून घातलेल्या पिकावर एक विसांश. व्यापारी माल, सोने आणि चांदीवर एक चाळिसांश. माणसाचे श्रम वाढतील तसा दर निम्मा होत जातो. धर्मपंडित इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी कारण हेच दिले आहे.

व्यवहारात घोळ होतो तो सगळ्याला सरसकट अडीच टक्के लावण्यात. पिकाला चांद्र वर्षभर हाती असण्याची अटही नाही. हक्क कापणीच्या दिवशीच द्यायचा (६:१४१). सोन्याचा निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, २० मिस्काल, चांदीचा २०० दिरहम. आजच्या वजनात कोणी ८५ आणि ५९५ ग्रॅम धरतात, कोणी ८७.४८ आणि ६१२.३६. एक आकडा या हिशेबातला आणि दुसरा त्यातला असे मात्र करू नये. आणि देऊन झाल्यावर उपकार बोलून दाखवला तर दान वाया. उपमा गुळगुळीत खडकावरच्या मातीची आहे, एका जोरदार सरीत खडक उघडा (२:२६४).

मागण्याचेही नियम यातूनच निघतात. आधी स्तुती, मग दरूद (पैगंबरांसाठी प्रार्थना), मग मागणीला साजेसे नाव घेऊन दुआ. "तुझी इच्छा असेल तर दे" असे म्हणू नये, ठाम मागावे, कारण त्याला भाग पाडणारा कोणी नाहीच. ही शिकवण बुखारींच्या हदीस संग्रहात आहे. दुआ अडते ती मुख्यतः दोन ठिकाणी. "मागितले पण मिळाले नाही" म्हणून घाईने सोडून दिली तर, आणि अन्न-वस्त्र हरामचे असेल तर.

'करीम' हा शब्द माणसाकडून पूर्ण काढून घेतला गेला असे मात्र नाही. कुरआन संदेश आणणाऱ्यालाही 'रसूल करीम' म्हणते (६९:४०). म्हणून अब्दुल करीमला नुसते करीम म्हटले तर हरकत घेत नाहीत. अब्दुर रज्जाकला नुसते 'रज्जाक' अशी हाक मारणे मात्र उलमा टाळायला सांगतात, कारण पोशिंदा हे नाव एकट्या अल्लाहचे, आणि पुढचा 'अब्द' (सेवक) गळला की ते माणसावर येऊन बसते.