इन्व्हेस्टमेंट बँकिंगमधील ऑनलाइन उन्हाळी इंटर्नशिप

इन्व्हेस्टमेंट बँकेच्या कचेरीत प्रत्यक्ष हजर न राहता, घरून किंवा वसतिगृहातून संगणकाद्वारे केलेली विद्यार्थ्याची ठरावीक मुदतीची उमेदवारी. भागविक्री, विलीनीकरण, कंपनीची खरेदी-विक्री आणि कर्जउभारणी या व्यवहारांत बँकेचा चमू जे काम करतो त्यातला खालच्या पायरीचा भाग इंटर्नकडे येतो : कंपन्यांची माहिती जमवणे, मूल्यांकनाची कोष्टके भरणे, सादरीकरणाची पाने तयार करणे. प्रत्यक्ष इंटर्नशिप बहुधा आठ ते दहा आठवड्यांची असते. ऑनलाइन प्रकारात मुदत पाच आठवड्यांपर्यंत उतरलेली आढळते.

या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी सर्रास एकत्र मोजल्या जातात. पहिली, बँकेने निवड करून, करारपत्र देऊन चालवलेली इंटर्नशिप. दुसरी, संकेतस्थळावर कोणालाही खुला असलेला सरावसंच, ज्याला आता ‘जॉब सिम्युलेशन’ म्हणतात. फोरेज या मंचावर जेपी मॉर्गनसारख्या बँकांचे असे संच विनामूल्य मिळतात, ते काही तासांत संपतात आणि प्रमाणपत्रही मिळते. तिसरी, शिकवणी संस्थांनी शुल्क घेऊन विकलेले अभ्यासक्रम, ज्यांच्या प्रमाणपत्रावर ‘इंटर्न’ असे छापलेले असते. काम करून पाठवले, ते जबाबदार व्यक्तीने तपासून दुरुस्त्यांसह परत केले, पुन्हा पाठवले, हा फेरा जिथे आहे तिथेच इंटर्नशिप हा शब्द वापरणे अधिक योग्य वाटते. सरावसंचात काम सादर केल्यावर नमुना उत्तर दिसते. चूक नेमकी कुठे झाली ते सांगणारे कोणी नसते. तिसऱ्या प्रकाराची दखल येथे यापुढे घेतलेली नाही.

पूर्वपीठिका : भारतात या व्यवसायाची सुरुवात ‘मर्चंट बँकिंग’ या नावाने झाली. नॅशनल ग्रिंडलेज बँकेने पहिला विभाग उघडला यावर एकमत आहे, वर्षावर नाही. बहुतेक पाठ्यपुस्तके १९६७ देतात, काही ठिकाणी १९६९ आढळते. त्यामागोमाग १९७० मध्ये सिटी बँक आली. १९७२ मध्ये बँकिंग आयोगाने भारतीय बँकांनी या क्षेत्रात उतरावे अशी शिफारस केली आणि स्टेट बँकेने त्याच सुमारास आपला विभाग सुरू केला. तोवर नव्या कंपन्यांना भांडवल मिळवून देण्याचे काम बरेचसे मॅनेजिंग एजन्सी घराणी, म्हणजे करारावर इतर कंपन्यांचा कारभार पाहणारी उद्योगघराणी, करत. ती पद्धत एप्रिल १९७० मध्ये कायद्याने बंद झाली. मर्चंट बँकिंगचा उदय या पोकळीशी जोडणारे मत ग्राह्य वाटते, मात्र ग्रिंडलेजचा विभाग पद्धत बंद होण्याआधीचा असल्याने ते एकमेव कारण ठरत नाही. भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबी हिची मर्चंट बँकरविषयक नियमावली १९९२ ची. कायद्याच्या भाषेत आजही ‘मर्चंट बँकर’ हाच शब्द असून ‘इन्व्हेस्टमेंट बँक’ हे व्यवहारातले नाव आहे. नोंदणीच्या यादीत बँकेचे नाव शोधताना हे लक्षात ठेवावे लागते.

ऑनलाइन इंटर्नशिपचा प्रारंभ कोठे मानायचा हे व्याख्येवर अवलंबून आहे. दूरस्थ इंटर्न ही कल्पना २०२० च्या आधीची आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २००९ मध्ये विद्यार्थ्यांसाठी तशी योजना जाहीर केली होती आणि भारतात इंटर्नशाळासारख्या मंचांवर घरबसल्या करायच्या कामांचा वेगळा वर्ग पूर्वीपासून होता. त्यांत लेखन, अनुवाद, संकेतस्थळांची कामे जास्त. इन्व्हेस्टमेंट बँका यापासून दूर राहिल्या. गोपनीयता हे एक कारण, आणि कनिष्ठाने वरिष्ठाच्या शेजारी बसून शिकायचे हा व्यवसायाचा जुना रिवाज हे दुसरे. २०२० च्या वसंतात महामारीमुळे गोल्डमन साक्स, जेपी मॉर्गन, सिटी आदींनी उन्हाळी कार्यक्रम ऑनलाइन नेले आणि अनेक ठिकाणी मुदत साधारण पाच आठवड्यांवर आणली. या व्यवसायापुरता प्रारंभ २०२० मानणे सोयीचे आहे. न्यूयॉर्कमधील काही मोठ्या बँकांनी २०२१ च्या उन्हाळ्यातच प्रत्यक्ष हजेरी पुन्हा सुरू केली; त्यानंतर पूर्ण ऑनलाइन प्रकार मुख्यतः छोट्या सल्लागार संस्था आणि सरावसंच यांच्याकडे उरला.

कामाचे स्वरूप : पहिला आठवडा बहुतांशी प्रशिक्षणाचा आणि संगणकाची परवानगी मिळवण्याचा असतो. बँकेचा लॅपटॉप कुरिअरने येतो किंवा स्वतःच्या संगणकावरून दूरस्थ डेस्कटॉप उघडायचा असतो. पुढे कामाची वाटणी करणारा असोसिएट, म्हणजे इंटर्नहून वरच्या पायरीचा अधिकारी, ईमेलवर काम देतो. उत्तरादाखल चार गोष्टी लेखी पक्क्या करून घ्याव्यात : काय हवे, कोणत्या साच्यात, केव्हापर्यंत, आणि आकडे कोणत्या तारखेचे. कचेरीत मान वळवून विचारता येणारा प्रश्न ऑनलाइनमध्ये दोन तास अडकतो. म्हणून प्रश्न एकेक न पाठवता गोळा करून, प्रत्येकासोबत आपला तात्पुरता निर्णय लिहून पाठवण्याची पद्धत रूढ झाली : ‘उत्तर येईपर्यंत मार्चअखेरचे आकडे धरतो.’

दुरुस्त्या पीडीएफवर लाल शाईत, पुष्कळदा हाताने लिहून स्कॅन केलेल्या येतात. प्रत्येक खुणेवर, काम झाल्यानंतरच, टिकमार्क करायचा. न जमलेल्या खुणांची कारणांसह यादी ईमेलच्या सुरुवातीलाच द्यायची. एका पानावर बदललेला आकडा इतर पानांवर, तक्त्यात आणि तळटीपेत तसाच राहून जाणे हा सर्वांत नेहमीचा दोष आहे. फाइलच्या नावात ग्राहक कंपनीचे नाव न घालता व्यवहाराचे सांकेतिक नाव, तारीख आणि आवृत्तीक्रमांक घालतात. ‘फायनल’ हा शब्द फाइलच्या नावात टाळलेला बरा. त्यानंतर आणखी तीन आवृत्त्या निघतातच.

मूल्यांकनातील तपशील : एक्सेलमध्ये हाताने भरलेले आकडे निळे, सूत्रे काळी, दुसऱ्या पानावरून आणलेले आकडे हिरवे हा संकेत जवळपास सर्वत्र पाळतात. ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंतला फरक दाखवणारी एक ओळ वर ठेवतात. ती शून्य नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. व्याज सरासरी कर्जावर काढले की व्याजावरून रोकड, रोकडीवरून कर्ज आणि कर्जावरून पुन्हा व्याज असे वर्तुळ तयार होते. एकदा त्यात चुकीचे मूल्य शिरले की सगळ्या पानावर त्रुटी पसरते आणि मूळ चूक सुधारली तरी जात नाही. त्यासाठी वर्तुळ तोडणारा एक शून्य-एकचा स्विच आधीच बसवून ठेवतात.

समान कंपन्यांच्या गुणोत्तरांवरून मूल्य काढताना चुका बहुधा कर्जाच्या रकान्यात होतात. समजा, व्याज, कर व घसारापूर्व नफा, म्हणजे एबिटडा, १२० कोटी रुपये आणि समान कंपन्यांवरून आलेला गुणक ८ आहे. उद्योगाचे एकूण मूल्य ९६० कोटी. निव्वळ कर्ज (कर्जातून रोकड वजा जाता उरलेले) २१० कोटी वजा केले की भागधारकांचे मूल्य ७५० कोटी. ५ कोटी शेअर असतील तर शेअरमागे १५० रुपये. निव्वळ कर्जातले ६० कोटींचे भाडेपट्टा-दायित्व, म्हणजे पुढे द्यायच्या भाड्याचे ओझे, धरायचे राहिले, तर उत्तर १६२ रुपये येते आणि पान दिसायला निर्दोष असते. रोख प्रवाहाच्या पद्धतीत धोका अखेरच्या मूल्यात, म्हणजे अंदाजाच्या शेवटच्या वर्षानंतरच्या सगळ्या प्रवाहांच्या मूल्यात, असतो : शेवटच्या वर्षीचा प्रवाह १०० कोटी, भांडवलाचा दर (गुंतवणूकदारांना अपेक्षित परतावा) १२ टक्के आणि कायमची वाढ ५ टक्के धरल्यास ते मूल्य १,५०० कोटी, वाढ ६ टक्के केली की सुमारे १,७६७ कोटी. म्हणून एका आकड्याऐवजी दोन्ही दरांच्या टप्प्यांचा तक्ता देतात. परदेशी बँकेसाठी काम असेल तर कोटी आणि दशलक्ष यांची गल्लत दहापटीची चूक करते. भारतीय कंपनीचे वर्ष मार्चअखेर आणि परदेशी कंपनीचे डिसेंबरअखेर संपत असल्यास दोन्ही एकाच बारा महिन्यांच्या कालखंडावर आणल्याशिवाय तुलना करू नये.

गोव्यातील विद्यार्थ्याला सरावासाठी हाताशी असलेले सर्वांत बोधक उदाहरण लोहखनिजाचे आहे. वेदांताने २००७ मध्ये जपानच्या मित्सुईकडून सेसा गोवा या लोहखनिज कंपनीतील ५१ टक्के हिस्सा ९८.१ कोटी डॉलरला घेतला. २००९ मध्ये सेसा गोवाने धेंपो समूहाचा खाण व्यवसाय १,७५० कोटी रुपयांना विकत घेतला. हे व्यवहार पुन्हा मांडून पाहताना तीन अडचणी येतात. खाणीतला साठा संपणारा असल्याने कायमस्वरूपी वाढीचे सूत्र लागू पडत नाही. साठा संपेपर्यंतचे प्रवाह वर्षवार मांडायचे आणि शेवटी खाण बुजवण्याचा व पुनर्वनीकरणाचा खर्च वजा करायचा. दुसरे, बाजारभाव बहुधा ६२ टक्के लोहाच्या खनिजाचा सांगितला जात आला आहे, तर गोव्याचे खनिज बरेचसे ५८ टक्क्यांखालचे; तो भाव जसाच्या तसा घेतल्यास उत्पन्न फुगते. तिसरे, उत्पादन २०१२ मध्ये सरकारी आणि न्यायालयीन आदेशांनी थांबले आणि ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडले. अशा वर्षांच्या नफ्यावर काढलेले गुणक निरर्थक ठरतात. कायद्याचा काळही जुळवावा लागतो. २००७ मध्ये १९९७ ची अधिग्रहण नियमावली लागू होती आणि खुला प्रस्ताव, म्हणजे इतर भागधारकांचे शेअर विकत घेण्याचा जाहीर देकार, २० टक्क्यांसाठी द्यावा लागे. २०११ च्या नियमावलीने प्रस्ताव किमान २६ टक्क्यांचा केला आणि तो द्यावा लागण्यासाठीची हिश्श्याची मर्यादा २५ टक्के केली. आजचे नियम जुन्या व्यवहाराला लावून ‘प्रस्ताव कमी पडला’ असा निष्कर्ष काढणे चूक होय.

गोपनीयता : सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमावलीनुसार, अप्रकाशित व भावावर परिणाम करणारी माहिती ज्यांना दिली त्यांची पॅनसह नोंद डिजिटल पटावर ठेवावी लागते. व्यवहारावर घेतलेल्या इंटर्नचे नावही त्यात जाते. इंटर्नला स्वतःच्या शेअर खरेदी-विक्रीआधी परवानगी घ्यावी लागते आणि जवळच्या नातलगांच्या खात्यांचाही प्रश्न येतो. वडिलांच्या डिमॅट खात्यातून आपण सौदे करत असल्यास ते पहिल्याच दिवशी कळवावे. घरात अडचणी साध्या असतात : हॉलमध्ये स्पीकरवर बैठक, छपाईसाठी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेलेला पेनड्राइव्ह, स्वतःच्या जीमेलवर पाठवलेली फाइल. यांतली शेवटची गोष्ट यंत्रणेला लगेच कळते आणि तिच्यामुळे इंटर्नशिप तिथेच संपू शकते. सरावसंचात काल्पनिक माहिती असल्याने हे बंधन नसते.

गोव्यातील स्थिती : राज्यात इन्व्हेस्टमेंट बँकांच्या मोठ्या कचेऱ्या नाहीत, प्रत्यक्ष इंटर्नशिप म्हणजे मुंबईला किंवा बंगळूरला जाणे आणि दोन महिन्यांचे भाडे भरणे. ऑनलाइन प्रकाराचे इथले महत्त्व मुख्यतः या खर्चातून येते. १९९३ मध्ये रायबंदरला सुरू झालेली आणि पुढे साखळीजवळ पर्ये येथे गेलेली गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट, ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठाचे गोवा बिझनेस स्कूल आणि झुआरीनगरचे बिट्स पिलानीचे आवार येथून विद्यार्थी या क्षेत्राकडे वळतात. बिट्सची दुसऱ्या वर्षानंतरची ‘प्रॅक्टिस स्कूल’, म्हणजे उद्योगांतली उमेदवारी, २०२० मध्ये ऑनलाइन झाली. मडगाव, म्हापसा, फोंड्याच्या वाणिज्य महाविद्यालयांतील पदवीचे विद्यार्थी अधिककरून सरावसंचांपर्यंत पोहोचतात.

वेळेचे गणित आधीच करावे. उन्हाळी वेळेनुसार लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे इथे दुपारचा दीड, न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे संध्याकाळचे साडेसहा, हाँगकाँगचे नऊ म्हणजे पहाटेचे साडेसहा. न्यूयॉर्कच्या चमूचे दुरुस्त्यांचे पान मध्यरात्रीनंतर येते.

जून-जुलै हा कार्यक्रमाचा काळ इथे भर पावसाचा असतो. झाड तारांवर पडून वीज जाणे नित्याचे. नियोजित खंडाच्या सूचना वीज खाते वर्तमानपत्रांत देते, त्या आदल्या दिवशी पाहाव्यात. इन्व्हर्टर नसेल तर राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावतात, पण फायबरच्या जोडणीत भिंतीवर आणखी एक पेटी असते. तिलाही तोच पुरवठा दिला नाही तर राउटर चालू आणि इंटरनेट बंद अशी स्थिती होते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेले की व्हीपीएन, म्हणजे बँकेच्या यंत्रणेशी असलेली सुरक्षित जोडणी, तुटतो. दूरस्थ डेस्कटॉपवरचे काम सर्व्हरवर टिकते, स्वतःच्या लॅपटॉपवरचे न साठवलेले काम जाऊ शकते. दर अर्ध्या तासाला नव्या क्रमांकाने फाइल साठवणे हा त्यावरचा उपाय. दिवसाला दीड-दोन जीबीचा प्रीपेड पॅक दोन लांब व्हिडिओ बैठकांत संपतो. सांगे, काणकोण, सत्तरीच्या डोंगराळ वाड्यांवर मोबाइलचे सिग्नलच अपुरे असल्याने तिथल्या विद्यार्थ्याला नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात मुक्काम हलवावा लागतो.

मूल्यमापन व श्रेयांक : अखेरीस लेखी अभिप्राय, एक सादरीकरण आणि काही जणांना नोकरीचा प्रस्ताव असे स्वरूप असते. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या बोजिनोव, चौधरी आणि लेन यांनी २०२० च्या उन्हाळ्यात एका मोठ्या जागतिक संस्थेच्या ऑनलाइन इंटर्नवर प्रयोग केला. ज्यांना वरिष्ठ व्यवस्थापकांशी अनौपचारिक ऑनलाइन गप्पांची संधी मिळाली त्यांना चांगले गुणांकन आणि नोकरीचे प्रस्ताव मिळण्याची शक्यता जास्त आढळली. आठवड्यातून एका वरिष्ठाला पंधरा मिनिटे मागण्याचा सल्ला यामुळे बळकट होतो. सोबत आधीच्या आठवड्याच्या कामातला एक ठोस प्रश्न न्यावा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या पदवी आराखड्यात इंटर्नशिपला दोन ते चार श्रेयांक आहेत. इंटर्नशिपचा एक श्रेयांक ३० तासांचा, म्हणजे ६० ते १२० तासांचे काम दाखवावे लागते. पाच-सहा तासांच्या सरावसंचाचे प्रमाणपत्र या हिशेबात बसत नाही. महाविद्यालयाकडे करारपत्र, आठवडावार कामाची नोंदवही आणि मार्गदर्शकाच्या सहीचा तासांचा दाखला सादर करतात. नोंदवहीत ग्राहकाचे नाव वा आकडे येऊ नयेत म्हणून ती बँकेच्या मार्गदर्शकाला आधी दाखवून मगच प्राध्यापकांकडे द्यावी.