वाऱ्याच्या सावलीतलं उड्डाण : रेयुनियों बेटावरच्या पॅराग्लायडिंगची पार्श्वभूमी

पर्जन्यछाया आपण भूगोलाच्या पुस्तकातच शिकतो. कोकणाला झोडपणारा पाऊस घाटमाथा ओलांडला की हात आखडता घेतो आणि माणदेश कोरडा राहतो. हिंदी महासागरातल्या रेयुनियों या फ्रेंच बेटावर हाच प्रकार दिशा बदलून घडतो. तिथे ओला व्यापारी वारा आग्नेयेकडून येतो, पूर्व उतार भिजवतो आणि पश्चिम किनारा कोरडा ठेवतो. भिजवतो म्हणजे किती, तर जानेवारी १९६६ मध्ये एका चक्रीवादळात इथल्या फॉक-फॉक या ठिकाणी २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. पुण्याचा दोन वर्षांहून जास्त पाऊस एका दिवसात!

या बेटावर पावसासारखी वाऱ्याचीही सावली पडते. त्याच सावलीत, पश्चिम किनाऱ्यावर, सँ-लू हे गाव आहे. वरच्या कोलिमासों भागातून, सुमारे ८०० मीटर उंचीवरून, कापडी पंखाखाली बसून उडणारे पॅराग्लायडर निघतात आणि खाली प्रवाळखडकांनी अडवलेल्या शांत पाण्याशेजारी उतरतात. या जागेचं सौंदर्य सगळ्यांना दिसतं. ती सुरक्षित का आहे आणि कधी नसते, हे मात्र बेटाच्या आकारात दडलंय.

बेट गोव्याहून लहान, पण पितों दे नेज हे शिखर ३,०७१ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. या भागात व्यापारी वाऱ्यावर साधारण २,००० मीटरच्या आसपास उबदार हवेचं एक झाकण असतं. वारा त्या झाकणाखालून वाहतो, त्यामुळे त्याला डोंगरावरून सहज जाता येत नाही. तो फुटतो आणि दोन्ही बाजूंनी वळसा घालतो. वळशाच्या टोकांना तो आणखी जोर धरतो आणि मागे पश्चिमेला बरीच शांतता उरते. (शेजारच्या मॉरिशसमध्ये, जिथे मराठी मजुरांचे वंशज आजही गणपती बसवतात, सर्वांत उंच डोंगर ८२८ मीटरचा. वाऱ्याला तो कसला अडवणार!)

या शांततेत किनाऱ्याचा स्वतःचा छोटा वारा तयार होतो. सकाळी सूर्य डोंगराआडून वर आला, पश्चिम उतार तापला की हवा उतारावरून चढू लागते आणि समुद्रावरची हवा तिची जागा घ्यायला येते. पॅराग्लायडरला हवा असतो तो हाच मंद, समोरून येणारा वारा. पण तीच हवा बाष्पही वर नेते. दुपारच्या आतच मधल्या उतारांवर ढग चढतात. ढगात शिरलं की डोंगर कुठे आणि आभाळ कुठे, कळेनासं होतं. म्हणून इथली गडबड सकाळची असते.

हा खेळ मुळात बेटांचा नाहीच. जून १९७८ मध्ये फ्रेंच आल्प्समधल्या म्यूसी गावाजवळ पॅराशूटवाले ज्याँ-क्लोद बेताँ, आंद्रे बोन आणि जेरार बोसों डोंगरावरून धावत निघाले. कारण अगदी व्यवहारी होतं : नेम धरून उतरण्याच्या सरावासाठी दर वेळी विमानाचं भाडं परवडत नव्हतं. डॉमिना जालबर्ट यांनी साठच्या दशकात काढलेलं, हवेने फुगणारं चौकोनी पॅराशूट तोवर वापरात आलं होतंच. १९८९ मध्ये ऑस्ट्रियातल्या कोसेनला पहिली जागतिक स्पर्धा झाली.

ती सुरुवातीची कापडं एक मीटर खाली येताना जेमतेम तीन मीटर पुढे जात. ८०० मीटरवरून निघालात तर अडीच किलोमीटरच्या आत जमीन. आजचं साधं ग्लायडरही आठ-नऊ मीटर पुढे जातं. मला यात एक गंमत दिसते. साधन सुधारलं तसा धोका कमी झाला खरा, पण माणूस जास्त वेळ आणि जास्त लांब उडू लागला, आणि वाऱ्याच्या सावलीची कड त्याच्या आवाक्यात आली. त्या कडेवर शांत हवा आणि वळसा घालून आलेला व्यापारी वारा एकमेकांना घासतात. तिथे हवा घुसळलेली असते आणि पंखाचं कापड एका बाजूने मिटू शकतं. ग्लायडरचा नेहमीचा वेग ताशी ३६-३८ किलोमीटर. समोरून चाळिसाचा वारा आला तर तोंड किनाऱ्याकडे असूनही माणूस मागे सरकत जातो. मे ते ऑक्टोबर, तिथल्या हिवाळ्यात, व्यापारी वारा जोरात असतो. उड्डाणाच्या जागी वारा नाही याचा अर्थ वारा नाही असा होत नाही. तो डोंगरामागे असतो.

समुद्राचाही हिशेब वेगळा. पाण्यात पडल्यावर कापड भरतं, दोऱ्या पायांत अडकतात. बसायच्या खोगिरातला फोम तरंगतो आणि पाठ वर, तोंड पाण्यात अशी अवस्था करतो. पाण्यात उतरणं अटळ दिसलं तर बकलं आधीच सैल करायला शिकवतात ते यासाठी. बेटाच्या पोटातलं माफात खोरं आणखी अवघड : तिथे रस्ताच नाही, माणसं पायी जातात किंवा हेलिकॉप्टरने. तिथे कोणी अडकलं तर डोंगरी बचाव पथक बोलवावं लागतं.

फ्रान्समध्ये पैसे घेऊन प्रवासी उडवायचा तर सरकारी पदविका लागते. तरी शेवटची तपासणी हातांनीच होते. पायलट प्रवाशाच्या मांडीचे पट्टे ओढून बघतो, मग छातीचा, मग स्वतःचे. मांडीचा पट्टा विसरून हवेत गेलेला माणूस खोगिरातून खाली घसरतो. ही चूक नवख्यांइतकीच मुरलेल्यांकडूनही होते. मग पायलट वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी मोज्याकडे बघतो, त्यानंतर डोंगराच्या दोन्ही टोकांकडच्या समुद्राकडे. तिथे पांढरे फेसाळ तुरे दिसू लागले असतील तर तो कापड पुन्हा गुंडाळतो, आणि प्रवासी गाडीतूनच खाली येतो, किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांपर्यंत.