तळ्याकाठचे कॅरॅव्हॅन पार्क

ब्रिटनमध्ये तळ्याच्या काठी वसवलेली, सुट्टीपुरते राहण्याची कॅरॅव्हॅनांची, म्हणजे चाकांवरच्या घरांची, वसाहत. इथली बहुतेक बिऱ्हाडे ‘स्थिर’ कॅरॅव्हॅनांतली असतात: ट्रकवर लादून आणायची, ठरलेल्या जागी टेकवायची, वीज-पाणी जोडायचे आणि खालची चाके झालरीआड दडवायची. मग ती वर्षानुवर्षे जागची हलत नाही. तरीही ती हलवता येण्याजोगी असावीच लागते, नाहीतर कायद्याच्या लेखी ती कॅरॅव्हॅनच उरत नाही.

हौसेच्या कॅरॅव्हॅनची सुरुवात बरीच ऐटबाज होती. गॉर्डन स्टेबल्स या आरमारातल्या निवृत्त डॉक्टरांनी १८८५ मध्ये ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची गाडी खास बांधून घेतली आणि तिच्यातून ते स्कॉटलंडपर्यंत हिंडले. १९०७ मध्ये कॅरॅव्हॅन क्लब निघाला. सामान्य कामगाराला मात्र १९३८ च्या पगारी रजेच्या कायद्यानंतरच अशी सुट्टी परवडू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर जागा मिळेल तिथे कॅरॅव्हॅन उभ्या राहिल्या. त्यांना आवर घालण्यासाठी १९६० च्या कायद्याने पार्कला स्थानिक परिषदेचा परवाना सक्तीचा केला.

यातली पुष्कळ तळी मुळात खडीच्या खाणी आहेत. नदीखोऱ्यात वाळू-खडीसाठी खोल खणायचे झाले, की खड्ड्यात झिरपणारे पाणी सतत उपसावे लागते. खडी संपून पंप बंद झाले, की काही काळातच खड्ड्याचे तळे होते. कडेने झाडे लावली आणि पाण्यात कार्प मासे सोडले, की खाणीची खूण उरत नाही. नॉर्थॅम्प्टनजवळ नीन नदीकाठचे बिलिंग ॲक्वाड्रोम हे पार्क याचे ठळक उदाहरण. जुनी पाणचक्की, गळ टाकून बसलेली माणसे, जत्रेतले पाळणे, सगळे एकाच आवारात.

खाणीतून तळे झाले, तरी ती जमीन नदीच्या पूरपट्ट्यातलीच. एप्रिल १९९८ मध्ये, ऐन ईस्टरच्या सुट्टीत, नीनचे पाणी बिलिंगमध्ये शिरले. २०२४ मध्येही लोकांना पुन्हा बाहेर काढावे लागले.

कॅरॅव्हॅन स्वतःच्या मालकीची, पण खालची जमीन भाड्याची, असा इथला व्यवहार. वर्षाचे जागाभाडे भरावे लागते आणि कॅरॅव्हॅन जुनी झाली, की बऱ्याच पार्कांत ती काढून न्यावी लागते. परवाना सुट्टीचा असल्याने इथला पत्ता कायमचा म्हणून चालत नाही. अनेक पार्क हिवाळ्यात काही आठवडे बंदच ठेवतात, आणि त्याआधी नळ गोठून फुटू नयेत म्हणून त्यांतले पाणी काढून टाकतात. तरी घर विकून इथेच राहायला आलेली माणसे असतातच. पूर आला, की ‘आपापल्या घरी जा’ ही सूचना त्यांना लागूच पडत नाही.