मास्टर कृष्णराव यांचे संगीतकर्तृत्व

मास्टर कृष्णराव, म्हणजे कृष्णाजी गणेश फुलंब्रीकर (२० जानेवारी १८९८ – २० ऑक्टोबर १९७४), हे गायक, संगीतकार आणि गायनगुरू. जन्म देवाच्या आळंदीचा, कर्मभूमी आणि अखेर पुण्यात. रंगभूमी, बोलपट, मैफल आणि ‘वंदे मातरम्’ अशा चार क्षेत्रांत त्यांनी काम केले. गाणाऱ्याचा गळा आणि वाजवणाऱ्याचे वाद्य आधी ओळखायचे आणि मग चाल बांधायची, ही त्यांची रीत या चारही ठिकाणी दिसते. मैफलीत अवघड गाणारा हा गवई दुसऱ्यासाठी चाल बांधताना आपली तयारी दाखवायला जात नसे.

बालवयात नाट्यकलाप्रवर्तक मंडळीत ‘संत सखू’ नाटकातला विठोबा त्यांनी रंगवला. पुढे ते नामवंत गवई भास्करबुवा बखले यांचे शागीर्द झाले आणि बुवांबरोबर बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत आले. बुवा १९२२ साली गेले. बालगंधर्वांसारख्या नटासाठी पदांच्या चाली बांधण्याचे काम तेव्हा या पंचविशीही न ओलांडलेल्या शिष्याकडे आले. ‘कान्होपात्रा’ (१९३१) हे त्या काळातले ठळक नाटक. त्यातले ‘अगा वैकुंठीच्या राया’ आणि ‘जोहार मायबाप’ हे अभंग आजही नाट्यगीतांच्या कार्यक्रमांतून गायले जातात. दोन्हींत रागाचा आधार पक्का आहे, पण तानांसाठी अभंगाचे शब्द कुठे तुटत नाहीत.

बोलपटात आल्यावर सगळे हिशेब बदलले. रंगभूमीवर ‘वन्समोअर’ घेत एकच पद कितीही वेळ रंगवता येई. ग्रामोफोनच्या तव्याच्या एका बाजूला मात्र जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे, आणि पडद्यावर त्याहूनही घाई. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, त्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या स्टुडिओत मास्टरांनी ‘धर्मात्मा’ (१९३५), ‘अमरज्योती’ (१९३६), ‘वहाँ’ (१९३७), ‘गोपाळकृष्ण’ (१९३८), ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) या चित्रपटांना संगीत दिले. ‘धर्मात्मा’त एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्वच होते. ‘गोपाळकृष्ण’मधला कृष्ण साकारणारे राम मराठे पुढे त्यांचे शिष्य आणि नामवंत गवई झाले.

यांतले बारकाईने ऐकावे असे गाणे म्हणजे ‘माणूस’मधले ‘कशाला उद्याची बात’. गीतरचना अनंत काणेकरांची. शांता हुबळीकरांनी रंगवलेली वेश्या मैना वेगवेगळ्या प्रांतांच्या गिऱ्हाइकांसमोर हे गाते, म्हणून मराठी ध्रुपदानंतर (पालुपदानंतर) तेलुगू, तमिळ, बंगाली अशा निरनिराळ्या भाषांतल्या ओळी येतात. भाषा बदलली की गाण्याचा रंगही त्या प्रांताचा होतो आणि मग गाणे पुन्हा त्याच ध्रुपदावर येऊन ठेपते. ठिगळे लागण्याची पूर्ण शक्यता असलेली ही रचना एकसंध राहते, याचे श्रेय त्या सोप्या ध्रुपदाला. ‘शेजारी’तले ‘लखलख चंदेरी’ हे समूहगीत वेगळ्या कारणाने टिकले: चार शेजारी एकत्र बसून सहज म्हणू शकतील अशी त्याची चाल आहे.

गाणे थोडक्यात मांडण्याची ही जाण नाट्यनिकेतन या नाट्यसंस्थेच्या ‘कुलवधू’त (१९४२) कामी आली. मो. ग. रांगणेकरांच्या या सामाजिक नाटकात जुन्या संगीत नाटकांसारखी पदांची रेलचेल चालणार नव्हती. ज्योत्स्ना भोळे यांनी गायलेली ‘बोला अमृत बोला’ ही भैरवी त्यातली. पद संपून नाटक पुढे सरकते, अडत नाही.

‘वंदे मातरम्’ची कथा मात्र एका चालीपुरती नाही. ब्रिटिश अमदानीत मुंबई रेडिओवर त्यांनी हे गीत सुरू केले तेव्हा प्रक्षेपण मध्येच बंद करण्यात आले. त्यावर त्यांनी रेडिओवर गाणेच सोडले. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीताची निवड व्हायची होती. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. हाताशी ‘जनगणमन’ची ध्वनिमुद्रिका होती. ती तिथल्या वाद्यवृंदाला दिली गेली आणि वादन गाजले. २५ ऑगस्ट १९४८ रोजी नेहरूंनी संविधान सभेत याचा उल्लेख केला आणि ‘वंदे मातरम्’ची चाल वाद्यवृंदाला किंवा बँडला सोपी नाही, असे सांगितले.

आक्षेप सांगीतिक होता, म्हणून मास्टरांनी उत्तरही संगीतातूनच दिले. अडचण खरी होती. मिंड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे), गमक (स्वराला दिलेले जोरकस आंदोलन), कणस्वर (मुख्य स्वराला लागणारा दुसऱ्या स्वराचा ओझरता स्पर्श) हे गळ्याचे आणि तंतुवाद्याचे अलंकार; ट्रम्पेट-क्लॅरिनेटच्या ताफ्याला ते एकजुटीने वाजवता येत नाहीत. शिवाय चालीवर पावले पडली पाहिजेत आणि सलामीच्या वेळी ती थोडक्यात संपली पाहिजे. त्यांनी झिंझोटी राग घेतला. हा खमाज थाटातला राग लोकधुनांना जवळचा, आणि आलापीविना, म्हणजे संथ विस्ताराविना, सुटे स्वर लावले तरी त्याची ओळख पुसत नाही. मुंबईतल्या नौदलाच्या बँडच्या इंग्रज प्रमुखाची मदत घेऊन त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीने बँडसाठी मांडणी करवून घेतली आणि दिल्लीत नेहरू व संविधान सभेच्या सदस्यांपुढे गायन-वादनाची प्रात्यक्षिके केली. २४ जानेवारी १९५० रोजी ‘जनगणमन’ राष्ट्रगीत ठरले आणि ‘वंदे मातरम्’ला समान मान देण्यात आला. मास्टरांना हवा होता तो निर्णय मिळाला नाही. तरीही, हे गीत बँडवर वाजवता येते हा त्यांचा मुद्दा सिद्ध झाला होता, असे म्हणायला हरकत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विनंतीवरून त्यांनी पाली बुद्धवंदना स्वरबद्ध केली. राजकमल या चित्रपटसंस्थेच्या ‘भक्तीचा मळा’त (१९४४) ते सावता माळी म्हणून पडद्यावरही दिसले. ‘कीचकवध’मधले (१९५९) ‘धुंद मधुमती रात रे’ त्यांच्या उत्तरकाळातले. लता मंगेशकरांचा गळा समोर होता, तेव्हा चालही तशीच नाजूक आणि वळणदार.

पद्मभूषण (१९७१) आणि संगीत नाटक अकादमीचे रत्नसदस्यत्व (१९७२) हे सन्मान आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात आले, उशिराच म्हणायचे. गुरूंनी स्थापन केलेल्या पुण्याच्या भारत गायन समाजाची धुरा त्यांनी दीर्घकाळ सांभाळली. बंदिशी स्वरलिपीसह देणारी ‘रागसंग्रह’ ही सात भागांची पुस्तकमालिका ही त्यांच्या अध्यापनाची लेखी बाजू.